ऊसतोडीच्या तळावर घडणारी कादंबरी : स्थळ कथानकात मुरवावे कसे?

मूळ प्रश्न : अनघड

नमस्कार. मी एक कादंबरी लिहीत आहे आणि तिच्यातील स्थळाच्या हाताळणीविषयी येथील लिहित्या-वाचत्या मंडळींचे मत मला हवे आहे. कथानक थोडक्यात असे : काळ साधारण १९९५ चा. बीड जिल्ह्यातील पाटोद्याकडचे एक जोडपे बारा वर्षांच्या मुलीला घेऊन ऊसतोडीसाठी सांगली जिल्ह्यातील एका साखर कारखान्यावर येते. हंगाम ऐन भरात असताना नवरा एका रात्री कोणालाही न सांगता निघून जातो. मागे उरतात त्याची बायको सोजर, मुलगी, बैलजोडी आणि टोळीच्या मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेले पैसे. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळपाचा हंगाम संपेपर्यंत, सोजर त्या तळावर कशी टिकते, हा कादंबरीचा गाभा आहे.

मी पुण्यात वाढले. या विषयासाठी मी तळावर जाऊन राहिले, टोळीबरोबर फडात गेले, भरपूर टिपणे काढली. पहिल्या प्रकरणात तळाचे चार पानी वर्णन आले आहे : बांबू, चटई आणि पाचट यांनी उभारलेल्या कोप्या, पहाटेच्या चुलींचा धूर, मळीचा वास, धुराड्यावरचा लाल दिवा. ज्या मित्रमैत्रिणींनी हस्तलिखित वाचले त्यांना हे प्रकरण आवडले, पण पुढच्या प्रकरणांविषयी त्यांचे म्हणणे असे पडले की तिथे तळ नाहीसाच होतो. सोजर आणि तिचा नवरा यांच्यातील भांडण, सोजर आणि मुकादम यांच्यातील बोलणी, मुलीच्या शाळेचा प्रश्न, हे सगळे प्रसंग थोडेफार शब्द बदलून पुण्यातल्या एखाद्या सदनिकेतही घडू शकतील, असे एकीने स्पष्टच सांगितले.

माझे प्रश्न असे आहेत. वर्णन सुरुवातीला एकत्र द्यावे की प्रसंगांमध्ये विखरून द्यावे? विखरून दिले, तर प्रत्येक संवादात मधेच धूर आणि थंडी पेरल्यासारखे होते आणि तेही कृत्रिम वाटते. दुसरे म्हणजे, सोजरसाठी हा तळ नवा नाही, ती लग्नानंतर दर वर्षी येत आहे. मग जे तिच्या सवयीचे आहे ते तिच्या नजरेतून वाचकाला दाखवावे कसे? आणि तिसरे, कारखान्याचे नाव खरे ठेवावे की काल्पनिक?

उत्तर : बाभूळबन

अनघडताई, आपला पहिला प्रश्न वर्णन कोठे ठेवावे असा आहे, पण माझ्या मते अडचण जागेची नाही. आपण तळाकडे अजून दृश्य म्हणून पाहत आहात. धूर, वास, दिवा हे सगळे डोळ्यांना आणि नाकाला जाणवणारे तपशील आहेत आणि ते खरेही असतील, पण त्यांच्यातला एकही तपशील सोजरला काही करायला भाग पाडत नाही किंवा काही करण्यापासून अडवत नाही. ज्या तपशिलामुळे पात्राला आपला बेत बदलावा लागतो तो तपशील वाचक कधी गाळत नाही, कारण तो गाळला तर पुढे काय घडले हेच त्याला कळणार नाही.

उदाहरणासाठी आपल्याच कथानकातील नवऱ्याचे निघून जाणे घेऊ. तोडलेला ऊस पडून राहिला की सुकतो, वजनाला घटतो आणि त्यातील साखरही उतरते. म्हणून तोड, वाहतूक आणि गाळप ही साखळी कुठेही थांबून चालत नाही. या एका कारणाने तळावरच्या माणसांचे घड्याळ ठरते. आपले जोडपे बैलजोडी घेऊन आले आहे, म्हणजे ते गाडी सेंटरचे, बैलगाडीने ऊस वाहणाऱ्या टोळीतले आहे. दोघांनी दिवसभर तोडायचे, मोळ्या बांधायच्या, संध्याकाळी टायरगाडी भरायची आणि मग नवऱ्याने एकट्याने गाडी कारखान्यावर न्यायची. तिथे गाड्यांची रांग असते. काट्यावर वजन होऊन गव्हाणीपाशी, म्हणजे गाळपासाठी ऊस टाकतात तिथे, गाडी रिकामी होईपर्यंत कधी मध्यरात्र होते, कधी पहाट. याचा अर्थ असा की हा माणूस रोज रात्री कित्येक तास तळावर नसतो आणि त्याच्या नसण्याचे कोणाला काही वाटत नाही. निघून जायचे असेल तर तो कोपीतून उठून जाणार नाही, तो रांगेतून जाईल. बैल जुंपलेले, गाडी भरलेली, नंबर जवळ आलेला आणि गाडीवान जागेवर नाही. मागचे गाडीवान शिव्या देतील, काट्यावरचा माणूस ओरडेल आणि अखेर त्यांच्याच टोळीतला कोणी तरी ती गाडी पुढे काढून रिकामी करील.

आता सोजरला बातमी कशी कळते पाहा. पहाटे ओळखीची गाडी तळावर येते, बैल आपल्या खुंट्यापाशी येऊन थांबतात आणि उतरतो तो भलताच माणूस. वजनाची पावती त्याच्या खिशात असते. ती पावती तो तिच्या हातात देतो की मुकादमाकडे देतो, एवढ्या एका कृतीवर तुमचे पुढचे प्रकरण उभे राहू शकते. या सगळ्यात वर्णनाचे एकही स्वतंत्र वाक्य मी घातलेले नाही, तरी रांग, काटा, गव्हाण, रात्र आणि तळ हे सगळे वाचकाला दिसले असेल असे मला वाटते.

भांडणाच्या प्रसंगालाही हीच कसोटी लावा. कोप्या एकमेकींना इतक्या लागून असतात की शेजारच्या कोपीतला खोकला ऐकू येतो. अशा ठिकाणी नवरा-बायको मोठ्याने भांडतात तेव्हा ते साऱ्या टोळीपुढे भांडत असतात, आणि हे त्या दोघांनाही ठाऊक असते. खासगी बोलायचे तर फडातच, हात चालू ठेवून. तोडणारा पुढे सरकत असतो, मोळी बांधणारी मागे वाकलेली असते, दोघांच्या नजरा भेटत नाहीत आणि कोयत्याच्या आवाजात अर्धे शब्द हरवतात. ‘काय म्हणालात?’ असे सोजरने दोनदा विचारले आणि तिसऱ्यांदा विचारलेच नाही, तर ते भांडण पुण्यातल्या सदनिकेत नेता येणार नाही.

आणि सर्वांत मोठी अडचण तुम्ही कथानकात आणून ठेवली आहेच, पण तिचा पुरेसा उपयोग केलेला दिसत नाही. ऊसतोडीत हिशेब माणसाचा होत नाही, कोयत्याचा होतो आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा गेला त्या दिवसापासून सोजर अर्धा कोयता झाली. उचल मात्र पुऱ्या कोयत्याची घेतलेली आहे. उरलेला अर्धा कोण भरणार? मुकादमाचा कोणी एकटा भाचा? टोळीतला विधुर? की बारा वर्षांची मुलगी? यातल्या प्रत्येक पर्यायाची किंमत वेगळी आहे आणि ती किंमत त्या तळाच्या रचनेतूनच ठरते. मुलीच्या शाळेचा प्रश्न आपण वेगळा प्रसंग म्हणून लिहिला आहे, पण तो वेगळा राहतच नाही.

उत्तर : खडकाळ

वरील प्रतिसादाशी मी बव्हंशी सहमत आहे. माझे आईवडील ऊसतोडीला जात असत आणि माझ्या लहानपणीचे अनेक हिवाळे कोपीत गेले आहेत, म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी, म्हणजे सवयीच्या नजरेविषयी, थोडे सविस्तर लिहितो.

शहरातून येणाऱ्या प्रत्येक लेखकाच्या पहिल्या पानावर मळीचा वास असतो. तो वास असतोच, त्याबद्दल वाद नाही, पण तळावर आठवडा काढलेल्या माणसाला तो जाणवत नाही. सोजरला तो पहिल्या पानावर आला तर वाचकाला लगेच कळते की कोपीच्या दारात सोजर उभी नाही, तुम्ही उभ्या आहात. सोजर काय पाहील? नव्या फडाच्या बांधावर पोचल्याबरोबर आमची आई पहिल्यांदा ऊस सरळ उभा आहे की लोळलेला आहे हे पाहत असे, कारण लोळलेला, एकमेकांत गुंतलेला ऊस तोडायला दुप्पट वेळ लागतो आणि पैसे मात्र टनावरच मिळतात. मग गाडी फडाच्या कितपत आत येऊ शकेल, विहीर किंवा पाट किती दूर आहे आणि शेतमालकाचा स्वभाव कसा आहे. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, सरळपणे नेऊ देईल की त्यावरही डोळा ठेवील? हिरव्या वाढ्यांवर आमचे बैल जगत आणि उरलेली वाढे गावात विकून आईच्या हातात जी रोकड पडे तेवढीच रोजच्या मीठमिरचीला असे, कारण मजुरी उचलीत वळती होत असे. उभ्या उसाकडे पाहून तो हिरवागार आहे असे वाटणे ही चैन तिला परवडणारी नव्हती.

म्हणून सवयीची नजर म्हणजे काही न पाहणारी नजर, असे समजू नका. ती नजर फार बारकाईने पाहते, पण कामाच्या वाटेने पाहते. सोजरच्या प्रत्येक प्रसंगात तिला त्या घडीला कशाची गरज आहे हे आधी ठरवा, मग तिच्या नजरेला काय पडेल हे शोधावे लागणार नाही. नवरा गेल्यानंतर हीच नजर बदलेल. काल ज्या गाडीकडे ती वजन म्हणून पाहत होती तिच्याकडे आज ती ‘ही कारखान्याची, पण बैल आपले’ अशा नजरेने पाहील. गाडी सेंटरच्या बहुतेक टोळ्यांमध्ये बैल तोडणाऱ्याचे असतात आणि टायरगाडी कारखान्याकडून भाड्याने घेतलेली असते. बैल हीच सोजरकडची एकमेव विकण्याजोगी वस्तू आहे, आणि मुकादमालाही ते माहीत आहे.

आणखी एक गोष्ट. तुमच्या गोषवाऱ्यात तळ आहे, फड आहे, कारखाना आहे, पण पाटोदा नावापुरताच आहे. आम्ही बालाघाटाच्या माळावरून येत असू, जिथे बाजरी-तूर पावसाच्या भरवशावर आणि डिसेंबरनंतर पिण्याच्या पाण्याची ओढाताण. तिथून निघून कृष्णाकाठी यायचे, आणि रात्री कोपीत पडल्यावर शेजारच्या रानात मोटारीचे पाणी सरीतून वाहताना ऐकायचे. घरी हंडाभर पाण्यासाठी म्हातारी आजी अर्धा कोस चालत असते आणि इथे ते रात्रभर उसाला चालू असते. मला वाटते तळावरच्या माणसाचा सगळा ताण त्या आवाजात आहे. तो कोणी बोलून दाखवत नाही, त्यामुळे सोजरच्या तोंडीही तो देऊ नका. पण तिचे स्थळ एक नाही, दोन आहेत, आणि ज्या ठिकाणी ती नाही तेही प्रत्येक प्रकरणात कुठे ना कुठे असले पाहिजे. मागे सोडलेले घर, त्यात ठेवलेली सासू, पडीक सोडलेले दोन एकर रान. नवरा त्या घरी परतला असेल की आणखी कुठे, हे सोजरला ठाऊक नाही. दूरचे घर तेवढ्यापुरते तरी कथानकात ओढले जातेच.

उत्तर : दौतटाक

येथे थोडा वेगळा सूर लावतो. ‘प्रत्येक तपशिलाने कथानकासाठी राबले पाहिजे’ हा विचार लेखनाच्या कार्यशाळांमध्ये फार लोकप्रिय आहे आणि तो एका मर्यादेपर्यंत उपयोगीही आहे, परंतु तो शेवटपर्यंत ताणला तर कादंबरी यंत्रासारखी चालू लागते. माणसे जिथे राहतात तिथे कारण नसताना पुष्कळ काही असते. डिसेंबरात उसाला तुरे येतात. त्या तुऱ्यांनी सोजरचे काही अडत नाही आणि काही साधतही नाही. तरीही एखाद्या संध्याकाळी ती गाडीच्या मागून चालत असताना तिला ते दिसावेत, एवढ्याने तिच्या आयुष्याला कामापलीकडची एक बाजू मिळते. खडकाळ यांची आई उसाच्या हिरवेपणाकडे पाहत नसे हे मी मान्य करतो, पण एकदाही पाहिले नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. कष्टकरी पात्राला केवळ उपयोगाची नजर देणे हाही एक प्रकारचा अन्यायच आहे.

चार पानांच्या सुरुवातीलाही मी लगेच कात्री लावणार नाही. मराठी वाचकाला प्रदेशाच्या अंगाने उलगडत जाणारे लेखन वाचायची सवय आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त धनगरांची वस्ती आपल्याला तिथे नव्याने रुजू झालेल्या तरुण शिक्षकाबरोबर कळत जाते, आणि ती पुरेशी कळल्यानंतरच दुष्काळ येतो आणि वस्ती मोडते. आधीच्या निवांतपणामुळेच शेवटच्या भागातील रिकामेपण जाणवते. तुम्ही तळाचे जे वर्णन केले आहे त्यातील प्रत्येक गोष्ट पुढे कादंबरीत बदलणार असेल, मोडणार असेल किंवा कोणाच्या ताब्यात जाणार असेल, तर चार पाने जास्त नाहीत. प्रश्न एवढाच आहे की ती पाने कोणाच्या नजरेने लिहिली आहेत. बनगरवाडीतला शिक्षक बाहेरचा आहे, म्हणून त्याने थांबून पाहणे स्वाभाविक आहे. तुमच्याकडे तशी नजर मुलीची असू शकते. आतापर्यंत ती गावी आजीपाशी राहून शाळा शिकत होती आणि या वर्षी पहिल्यांदाच तळावर आली, एवढा बदल केलात तर पहिले प्रकरण तिच्या डोळ्यांनी जवळजवळ आहे तसे ठेवता येईल. मळीचा वासही राहील.

उत्तर : पंचांग

मुलीच्या नजरेची सूचना मला आवडली. माझा मुद्दा काळाविषयी आहे, कारण स्थळ म्हणताना आपण बहुतेक वेळा जागाच मनात धरतो आणि ऋतू व साल यांना पार्श्वभूमीवर ढकलतो.

ऊसतोडीच्या हंगामाला स्वतःची अशी एक चढण आणि उतरण आहे, आणि तुमच्या कादंबरीच्या बांधणीसाठी ती आयती उपलब्ध आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या गावे सोडतात. कोप्या उभ्या राहतात, फड कारखान्याजवळचे असतात, अंगात बळ असते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत उसात साखर भरते, उतारा वाढतो, कारखाना पूर्ण क्षमतेने चालतो आणि तोडीचा रेटा सर्वाधिक असतो. पहाटे दवाने भिजलेले पाचट हातापायांना कापते. नवरा याच काळात जातो असे आपण म्हटले आहे आणि ते योग्य आहे, कारण त्या वेळी टोळीत एक हात कमी पडणेही सगळ्यांना जाचते. फेब्रुवारीनंतर ऊन चढते, विहिरींचे पाणी उतरते, फड दूर दूर जातात आणि गाडीच्या खेपेला जास्त वेळ लागू लागतो. मार्चमध्ये काही टोळ्या परतू लागतात आणि तळावर रिकाम्या जागा दिसू लागतात.

याच शेवटच्या टप्प्यात एक मोठी उलथापालथ होते आणि तिच्याकडे मी तुमचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. ज्या शेतकऱ्यांचा ऊस अजून उभा आहे त्यांना तो फडातच राहील अशी धास्ती वाटू लागते. मजूर कमी, ऊस शिल्लक, कारखाना बंद होण्याच्या बेतात. नोव्हेंबरात चिटबॉयच्या, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, मागे लागून तोडीची चिठ्ठी मिळवणारा शेतकरी मार्चमध्ये मजुरांना खुशाली म्हणून वरचे पैसे द्यायला तयार होतो. जानेवारीत ज्या सोजरला अर्धा कोयता म्हणून कोणी विचारीत नव्हते तिच्या हातांना मार्चअखेर किंमत येते. तुमच्या नायिकेची परिस्थिती पालटायची असेल, तर ती कोणाच्या दयेने पालटण्यापेक्षा हंगामाच्या या उतारावर पालटू द्या. अशा वेळी काही शेतकरी ऊस पेटवूनही देतात, कारण जळालेला ऊस लगेच तोडावाच लागतो. पाला जळून गेल्यामुळे तोडणाऱ्याचे काम सोपे होते, परंतु वाढे करपतात आणि बैल उपाशी राहतात, शिवाय जळीत उसाच्या दरात कारखाना कपात करतो. एकाच आगीत शेतकरी, कारखाना, सोजर आणि तिचे बैल यांचे हित चार दिशांना जाते. माझ्या मते कादंबरीतील सर्वांत मोठा प्रसंग हा होऊ शकतो.

सालाबाबत काही सावधगिरीच्या सूचना. १९९५ मध्ये तळावर मोबाइल नाही. नवऱ्याचा माग काढायचा तर कारखान्याच्या फाटकाजवळच्या एसटीडी बूथवरून गावातल्या एखाद्याच दूरध्वनीवर निरोप ठेवावा लागेल, किंवा गावाकडून आलेल्या माणसाकरवी चौकशी करावी लागेल. उत्तर यायला लागणारे दिवस हे तुमच्या हातातले फार मोठे साधन आहे. तोडणी यंत्रे दाखवू नका. मजुरीचा दर आजच्या बातम्यांतून उचलू नका, अलीकडे टनाला साडेतीनशेच्या पुढे गेलेला आकडा त्या काळात शोभणार नाही. बिबट्याचा मोह होईल, तोही टाळा. उसातला बिबट्या जुन्नर परिसरात २००१ च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर चर्चेत आला. १९९५ च्या सांगलीत तो आला तर जाणकार वाचक पुस्तक मिटून ठेवील.

मूळ प्रश्नकर्त्या : अनघड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलगी प्रथमच तळावर येते हा बदल मी स्वीकारत आहे. दौतटाक यांच्या म्हणण्याप्रमाणे पहिले प्रकरण तिच्याकडे सोपवले आहे आणि बाभूळबन यांनी सुचवलेल्या पहाटेचा प्रसंग नव्याने लिहून पाहिला आहे. त्यातील एक तुकडा येथे देते, त्यावर निःसंकोच बोलावे.

‘गाडी आली तेव्हा सोजर चुलीपुढे होती. बैलांच्या घुंगरांवरून तिने ओळखले, आणि भाकरी तव्यावर टाकून उठली नाही. रोज तो आधी बैल सोडी, वाढे टाकी आणि मग हातपाय धुऊन येई, तोवर भाकरी होत असे. आज जू खाली पडल्याचा आवाज आला आणि पुढे काहीच आले नाही. बैल हुंगत उभे होते. तिने मान वळवली. टोळीतल्या भीमाचा थोरला भाऊ जुवापाशी उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर साऱ्या रात्रीचा अंधार एखाद्या घोंगडीसारखा पसरला होता. “पावती मुकादमाकडं दिलीय,” तो म्हणाला. भाकरी करपल्याचा वास आला. “तुझी इथं किती वर्सं झाली, वयनी?” त्याने विचारले. सोजरने भाकरी उलटली. “वाढे कुठायत?” ती म्हणाली. “गाडीत न्हाईत.” पूर्वेला तांबडे फुटू लागले होते आणि कोप्यांवरून धुराचे निळसर पडदे हळूहळू सरकत होते, जणू कोणी तरी मोठी दुःखी गोष्ट झाकून ठेवीत होते.’

उत्तर : बाभूळबन

फार सुधारले आहे. ‘वाढे कुठायत?’ हा प्रश्न उत्कृष्ट आहे. नवरा कुठे आहे हे तिला विचारायचे आहे आणि ती बैलांच्या वैरणीचे विचारते. पावती मुकादमाकडे गेली हेही एका वाक्यात येऊन जाते आणि आता ही बाई कोणाच्या ताब्यात आहे ते कळते.

दोन ठिकाणी कात्री लावा. घोंगडीची उपमा आणि शेवटचे ‘जणू’पासूनचे सगळे काढून टाका. भीमाच्या भावाचा चेहरा सोजरला तांबडे फुटायच्या आधी, चुलीच्या उजेडात, इतक्या अंतरावरून दिसणारच नाही. तिला दिसेल ती आकृती, आणि आकृती आपल्या माणसाची नाही हे तिला उंचीवरून किंवा उभे राहण्याच्या ढबीवरून कळेल. उजेड किती आहे, तो कोणत्या बाजूने येतो आणि पात्र कोठे उभे आहे हे प्रत्येक प्रसंगात कागदाच्या कडेला रेखून ठेवायची सवय लावून घ्या, अशा जागा आपोआप सापडतील. धुराचे पडदे दुःख झाकीत आहेत असे सोजरला त्या क्षणी सुचणार नाही. ते तुम्हाला सुचले आहे.

उत्तर : खडकाळ

‘तुझी इथं किती वर्सं झाली’ हा प्रश्न मात्र मला खटकला. एकाच टोळीतल्या, एकाच गावच्या माणसाला ते ठाऊक असणार, त्यामुळे तो प्रश्न वाचकासाठी विचारलेला दिसतो. त्या जागी तो काही विचारणारच नाही. बैल सोडील, खुंट्याला बांधील आणि जाईल. आमच्याकडे अशी बातमी पुरुष तोंडाने सांगत नसत, थोड्या वेळाने त्याची बायको येऊन चुलीपाशी बसे. ती बाई आली की सगळे कळलेच.

भाकरी करपू द्यायची की नाही याचाही विचार करा. पीठ मोजके असते आणि मुलगी उपाशी फडात जाणार असते. करपल्याचा वास येण्याआधीच सोजरचा हात भाकरीपाशी गेला असता असे मला वाटते.

कारखान्याच्या नावाविषयी तुमचा तिसरा प्रश्न राहिलाच होता. नाव काल्पनिक ठेवा. मुकादमाने हिशेबात केलेली लबाडी, काट्यावरची हेराफेरी, हे प्रसंग खऱ्या नावावर घातले तर कादंबरीपेक्षा त्या नावाचीच चर्चा अधिक होईल. गाव आणि कारखाना काल्पनिक, पण तालुका, नदी, बाजाराचा वार आणि एसटीचा मार्ग खरा, असे धरून चला. पाटोद्याहून सांगलीकडे येताना रस्त्यात कोणती गावे लागतात, बैलगाडी आणि माणसे ट्रकमध्ये कशी चढवतात, मुक्काम कुठे पडतो, हे एकदा एखाद्या जुन्या मुकादमाकडून नीट विचारून घ्या. दिवाळीनंतर ते सगळे कारखान्यावर असतील, पावसाळ्यात उचलीचे व्यवहार सुरू असतात तेव्हा गावातच भेटतात.